वाढते नगर आणि तुटत्या वाटा

नगर वाढले म्हणजे ते सुधारले, अशी आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत आहे. लोकसंख्या किती झाली, हद्द कोठवर गेली, इमारतींचे मजले किती चढले, यांवरून आपण नगराची थोरवी मोजतो. परंतु नगर म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. घरे तर अरण्यातही बांधता येतात. एका घरातून दुसऱ्या घरी, घरातून शाळेत, शाळेतून ग्रंथालयात व बाजारात जाण्याची सोय ज्या रचनेने होते, तिला नगर म्हणावयाचे. ही सोय रस्त्यांनी होते, आणि तीही रस्त्यांच्या नुसत्या लांबीरुंदीने होत नाही. ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात यावर ती अवलंबून असते. आपले हैदराबाद गेल्या काही दशकांत अफाट पसरले आहे. त्याचे रस्ते मात्र त्या मानाने एकमेकांना जोडले गेले आहेत काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

आपल्या नगराचा आरंभच मुळी एका चौरस्त्यापासून झाला. मुहम्मद कुली कुत्बशहाने १५९१ साली चारमिनार उभारला, तो चार दिशांना जाणाऱ्या चार हमरस्त्यांच्या संगमावर. प्रथम चौक, मग त्याभोवती वस्ती, असा तो क्रम होता. त्याही पूर्वी, १५७८ साली, मुसी नदीवर पुराना पूल झाला होता. म्हणजे नगर वसण्याआधी नदीपलीकडे जाण्याची वाट तयार होती. जोडणीचे मोल काय असते हे पुढे १९०८ साली भीषण रीतीने कळून आले. त्या वर्षी २८ सप्टेंबरच्या महापुरात हजारो माणसे दगावली, नदीवरील अफझल, मुसल्लमजंग व चादरघाट हे तीन पूल निकामी झाले, आणि दोन तीरांना जोडणारा एकटा पुराना पूल काय तो उरला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले, हे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. पण १९१२ साली स्थापन झालेल्या नगर सुधार मंडळाने कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले व पत्थरगट्टीसारखा देखणा बाजार-रस्ता घडविला, ही गोष्ट तितकीच स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

चिक्कडपल्ली, अशोकनगर, दोमलगुडा, बागलिंगमपल्ली, नारायणगुडा हा आपला भाग त्या प्राचीन नगराच्या बाहेर वाढला. एकीकडे जुने हैदराबाद, दुसरीकडे १८०६ साली छावणी म्हणून वसलेले सिकंदराबाद, आणि या दोहोंच्या मधोमध आपण. साहजिकच दोन्हीकडे जाणाऱ्या वाटा येथून गेल्या, व आडव्या गल्ल्यांनी त्या एकमेकींत गुंफल्या गेल्या. निजामाच्या राजवटीत १९३२ साली अवघ्या २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. त्याच परंपरेतील राज्य परिवहन संस्थेचे मुख्य कार्यालय जवळच असल्याने आपल्या परिचयाच्या चौकाला आर. टी. सी. चौरस्ता हे नाव पडले. आजही चिक्कडपल्लीत राहणारा माणूस पायी निघाला, तर सिटी सेंट्रल लायब्ररी, त्यागराय गानसभा, भाजीबाजार, दवाखाना, नारायणगुड्याची दुकाने ही सारी त्याच्या टापूत असतात. एका गल्लीत मांडव पडला असेल तर तो शेजारच्या गल्लीने जातो. हे सुख आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते सुख आहे हेच आपण विसरलो आहोत.

येथे थोडे गणित सांगणे अप्रस्तुत होणार नाही. चौकटीच्या कागदावर एक चौरस काढा. त्याची प्रत्येक बाजू तीन घरांची असू द्या, आणि प्रत्येक रेघ हा एक रस्ता समजा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाण्याचे सर्वांत जवळचे मार्ग किती? मोजून पाहिल्यास ते २० भरतात. आता त्याऐवजी झाडाचे चित्र काढा: एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, व प्रत्येक डहाळीचे टोक बंद. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचे मार्ग किती? केवळ एक. डहाळीवरून फांदीवर, फांदीवरून खोडावर, आणि पुन्हा तसेच वर. दोन टोके एकमेकांना अगदी चिकटून असली तरी खोडापर्यंतचा हेलपाटा चुकत नाही. आणि खोडावर गाडी बंद पडली की सारी वस्ती अडकली. रस्त्यांचा असा शास्त्रीय विचार नवा नाही. कोनिग्सबर्ग नगरातील सात पुलांचे कोडे लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली सोडविले, तेव्हापासून या विद्येचा पाया घातला गेला. कोठून कोठे वाट आहे व एका ठिकाणी किती वाटा मिळतात, एवढाच त्यातील मूळ प्रश्न आहे.

पूर्वीचे आपले मोहल्ले काही चौकटीच्या कागदासारखे सरळ नव्हते. पुण्याच्या पेठा असोत की चारमिनारामागील गल्ल्या असोत, वाकडेपणा सर्वत्रच होता, आणि तोंड बंद असलेले बोळही होते. परंतु वाकडी वाट व तुटकी वाट यांत भेद आहे. पायी चालणाऱ्यांच्या नगरात बोळ लांबीने थोडका असे, आणि त्यातून बाहेर पडताच चार दिशा मोकळ्या असत. आजच्या वाढीत जे घडत आहे ते निराळे आहे. नगराच्या कडेला शेतजमिनीचा एक तुकडा विकला जातो. घेणारा त्याच्या चारी बाजूंना भिंत घालतो, एकच फाटक ठेवतो, आत आपल्यापुरते रस्ते आखतो व भूखंड विकतो. शेजारचा तुकडा दुसरा कोणी घेतो व तोही असेच करतो. एकाच्या रस्त्याचे टोक दुसऱ्याच्या भिंतीवर आदळते. अशी शंभर कुंपणे एकापुढे एक लागली म्हणजे कागदावर तेथे नगर दिसते. प्रत्यक्षात शंभर बेटे असतात, आणि त्या सर्वांचे पाणी एकाच हमरस्त्याच्या पन्हाळीतून वाहावे तशी त्यांची रहदारी एकाच रस्त्यावर येऊन तुंबते.

या वाढीचा वेगही ध्यानात घेतला पाहिजे. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद व सिकंदराबाद मिळून सुमारे ११ लक्ष वस्ती होती. १९६० साली दोन्ही नगरपालिका एकत्र झाल्या. १९९८ साली हायटेक सिटीतील सायबर टॉवर्स उभे राहिल्यानंतर पश्चिमेकडील माळरानांचे रूप पालटले. २००७ साली भोवतालच्या १२ नगरपालिका व ८ ग्रामपंचायती जोडून बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली, तेव्हा सुमारे १७० चौरस किलोमीटरांची हद्द ६५० चौरस किलोमीटरांच्या घरात गेली. २०११ च्या शिरगणतीत या हद्दीतील वस्ती ६७ लक्षांहून अधिक भरली. नगराभोवती १५८ किलोमीटर लांबीचा आउटर रिंग रोड झाला. २०२० साली राज्य सरकारने विनापरवाना पाडलेले भूखंड नियमित करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वीस लक्षांहून अधिक अर्ज आले. ते अर्ज साऱ्या राज्यातून आलेले असले तरी त्यांवरून एवढे निश्चित कळते की, जमिनीचे तुकडे आधी पडतात आणि रस्त्यांचा विचार मागाहून होतो.

हा दोष आपल्याच नगराचा आहे असे मात्र नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी साऱ्या जगातील रस्त्यांचे नकाशे तपासून २०२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. चौकांत किती रस्ते मिळतात, बंद टोके किती, वाट किती वळसा घेते, अशा गोष्टींवरून त्यांनी रस्त्यांच्या तुटकपणाचे एक माप ठरविले. १९७५ नंतर जगाच्या बऱ्याच भागांत नवे रस्ते पूर्वीच्यापेक्षा अधिक तुटक होत गेले, असे त्यांना आढळले. मात्र बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू यांसारख्या देशांत चौकटीची रचना बव्हंशी टिकून आहे, आणि जपानही तुटकपणापासून दूर राहिला आहे. अमेरिकेत हा तुटकपणा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कळसाला पोहोचला व मग उतरू लागला, असे त्यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसते. याचा अर्थ असा की, ही काही अटळ नियती नव्हे. नगर वाढताना वाटा तुटल्याच पाहिजेत, असा सृष्टीचा नियम नाही. माणसांनी घेतलेल्या निर्णयांचे ते फळ आहे, आणि निर्णय बदलता येतो.

तो वेळीच बदलला पाहिजे, याचे एक मोठे कारण आहे. घर पाडून नवे बांधता येते; दुकानाची शाळा व शाळेचे दुकान करता येते; पण एकदा पडलेला रस्ता शतकानुशतके हलत नाही. चारमिनारच्या चार वाटा चारशे वर्षांनंतरही जेथल्या तेथे आहेत. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची चौकट १८११ साली कागदावर आखली गेली, तिच्यातच ते नगर आज वावरते आहे. म्हणून आज कोणी एका शेताच्या कडेला भिंत घालून वाट बंद केली, तर ती केवळ आजच्या शेजाऱ्यासाठी बंद होत नाही. त्याच्या पणतवंडांसाठीही ती बंद होते. सार्वजनिक हिताची इतकी दूरगामी गोष्ट आपण भूखंड विकणाऱ्याच्या मर्जीवर सोपवावी, हे आश्चर्य होय.

तुटक्या वाटांची किंमत कोण देतो? ज्याच्यापाशी मोटार आहे त्याला दीड किलोमीटरचा वळसा म्हणजे चार मिनिटे. पण शाळेत जाणारे मूल, काठी टेकीत देवळात जाणारे आजोबा, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी भाजीवाली, यांना तो वळसा पायांनी फेडावा लागतो. भिंतीपलीकडे दिसणारी शाळा पन्नास पावलांवर असावी, आणि तेथे पोहोचण्यासाठी भरधाव वाहनांच्या हमरस्त्यावरून अर्धा तास चालावे लागावे, अशी स्थिती नव्या वसाहतींत दुर्मीळ नाही. मग आईबाप मुलाला गाडीवरून पोहोचवितात. प्रत्येकजण तसेच करतो. शाळेच्या दारात गाड्यांची झुंबड उडते. आणि रस्ता धोक्याचा झाला म्हणून उरलीसुरली मुलेही पायी जाण्याचे सोडतात. बसची गोष्टही तीच. ज्या वसाहतीला आत जाण्याची व बाहेर पडण्याची वाट एकच, तिच्या पोटात बस शिरत नाही. ती फाटकाबाहेरूनच जाते. रुग्णवाहिका व अग्निशामक गाड्या यांचे काय होत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

यावर उपाय म्हणून आपण उड्डाणपूल बांधतो. आपल्याच भागात इंदिरा पार्कपासून व्ही. एस. टी. चौकापर्यंतचा सव्वादोन किलोमीटरांचा पोलादी पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. त्याने दूर जाणाऱ्यांचा वेळ वाचतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उड्डाणपूल दोन दूरची टोके जोडतो. पुलाखालच्या दोन फुटपाथांना तो जोडीत नाही. मेट्रोचेही तसेच. फेब्रुवारी २०२० मध्ये चिक्कडपल्लीचे स्थानक सुरू झाले, आणि नारायणगुडा, सुलतान बाजार, तसेच सिकंदराबादकडील भाग आपल्याला काही मिनिटांवर आले. तिचा पुरा लाभ मात्र स्थानकापर्यंत सरळ चालत येऊ शकणाऱ्यांनाच मिळतो. आपल्या गल्ल्या मोकळ्या आहेत म्हणून मेट्रो आपल्या उपयोगाची आहे. ज्या उपनगरांत गल्ल्या भिंतींवर संपतात, तेथे स्थानक दारात असूनही ते दूर राहते. हमरस्त्यावर कोट्यवधी रुपये खर्चावे, आणि पाच-दहा हजारांत भिंतीला पडू शकणारे दार मात्र पाडू नये, हा हिशेब उफराटा नव्हे काय?

आपल्या भागातही सारे आलबेल आहे असे समजू नये. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला दोमलगुडा, अशोकनगर, बागलिंगमपल्ली यांच्या बाजूने मुसीकडे जातो. त्याच्या दोन काठांवरील घरे एकमेकांना दिसतात, पण जेथे पूल आहे तेथेच पलीकडे जाता येते. २००० सालच्या ऑगस्टात एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या नाल्याकाठच्या वस्त्या जलमय झाल्या. अशा वेळी ज्या वस्तीला बाहेर पडण्याची दुसरी वाट असते ती सुटते. जिला नसते ती छपरावर बसून राहते. शिवाय अलीकडे जुन्या वसाहतींतूनही गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावण्याची लाट आली आहे. रात्रीपुरते म्हणून लागलेले फाटक हळूहळू दिवसाही बंद राहू लागते.

फाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चोऱ्या होतात, अनोळखी माणसे फिरतात, दुचाकीस्वार गल्लीचा हमरस्ता करतात, मुलांना खेळावयास जागा उरत नाही, असे ते सांगतात. यांतील दुचाकीस्वारांची तक्रार तर अगदी खरी आहे. पण तिच्यावर उतारा म्हणजे माणसांची वाट बंद करणे नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात १९२९ साली रॅडबर्न नावाची वसाहत झाली. तेथे मोटारींचे रस्ते मुद्दाम बंद टोकांचे केले होते; परंतु त्यासोबत मुलांना शाळेत व उद्यानात जाण्यासाठी पायवाटांचे स्वतंत्र जाळे होते, आणि मोठा रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी वाट होती. पुढे तिचे अनुकरण करणाऱ्यांनी बंद टोके तेवढी उचलली, आणि पायवाटा खर्चाच्या म्हणून गाळल्या. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनाही असे दिसले की, जर्मनी, डेन्मार्क यांसारख्या देशांत मोटारींच्या रस्त्यांतील तुटकपणा पायी व सायकलीने जाणाऱ्यांच्या वाटा भरून काढतात. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवा, मोटारी अडवा, पण माणसाला जाऊ द्या. चोरांविषयी म्हणाल, तर ज्या वाटेवर माणसांचा वावर आहे तीच वाट अधिक निर्धास्त असते, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. निर्मनुष्य भिंतीच्या कडेने एकटे जाण्यास कोण धजेल?

आणि फाटक हा केवळ घरमालकांचा प्रश्न नाही. रस्ता हा साऱ्यांचा आहे. सिकंदराबादच्या छावणीतील रस्ते सुरक्षेच्या कारणास्तव नागरिकांना बंद झाले, तेव्हा पलीकडच्या उपनगरांतील लोकांना किती वळसे पडले, हे तेथील रहिवासी विसरलेले नाहीत. २०१८ साली संरक्षण मंत्रालयाने देशभरच्या छावण्यांतील बंद रस्ते खुले करण्याचा आदेश काढला. देशाच्या सेनेलाही जेथे नागरिकांच्या वाटेचा विचार करावा लागतो, तेथे एखाद्या वसाहतीच्या समितीने सार्वजनिक गल्लीला कुलूप घालावे, हे कोणत्या न्यायाने?

नव्या वसाहतींसाठी तर मार्ग आपल्या शेजारच्याच प्रांताने शंभर वर्षांपूर्वी दाखविला आहे. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. तिच्या धक्क्याने १८९८ साली तेथे नगर सुधार ट्रस्ट स्थापन झाला, आणि दादर, माटुंगा हे भाग आधी रस्ते आखून मग वसविण्यात आले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याची युक्ती मोठी शहाणपणाची होती. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, त्यांतून सलग रस्ते, शाळा व बागा यांसाठी जागा काढावयाची, आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे तुकडे मूळ मालकांना परत करावयाचे. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण रस्त्याला लागल्याने तिचे मोल वाढते. गुजरातेत ही पद्धत आजही नांदते आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही तिला स्थान आहे. हैदराबादच्या कडेच्या शेतांना ती लागू करण्यास निसर्गाने कोणताही अडथळा घातलेला नाही.

तात्पर्य, आमची मागणी फार मोठी नाही. नव्या वसाहतीला परवानगी देताना तिच्या रस्त्यांची टोके शेजारच्या जमिनीला खुली ठेवावी, म्हणजे उद्याचा शेजारी तेथे आपला रस्ता जोडू शकेल. जेथे भिंती आधीच उभ्या आहेत तेथे ठराविक अंतरावर पायी जाण्यापुरते दार असावे. सार्वजनिक गल्ल्यांवरील फाटके काढावी, किंवा निदान माणसांसाठी सदैव उघडी ठेवावी. नाल्यांवर पायपूल बांधावे. उड्डाणपुलाच्या खर्चाचा एक लहानसा अंश या कामी लागला तरी नगराचे रूप पालटेल.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुम्हांलाही करण्याजोगे काम आहे. पुढील सुटीत आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा स्वतः चालून काढा. जेथे तीन वाटा मिळतात तेथे तीनचा आकडा लिहा, चार मिळतात तेथे चारचा, आणि जेथे वाट भिंतीवर संपते तेथे एकचा. घर व शाळा यांतील सरळ रेषेतील अंतर पट्टीने मोजा, आणि तुमची पावले किती पडली ते त्याच्याशी ताडून पाहा. जो नव्या उपनगरात राहतो त्याने तेथला, आणि जो चिक्कडपल्लीत राहतो त्याने येथला नकाशा आणावा. दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर लावले म्हणजे या लेखात जे सांगितले ते खरे की खोटे, हे तुम्हीच ठरवाल. आणि खरे ठरले, तर तो नकाशा वर्गातच ठेवू नका. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांकडे अथवा महापालिकेच्या कार्यालयात घेऊन जा. या नगरात सर्वांत अधिक वर्षे चालावयाचे आहे ते तुम्हांला. म्हणून त्याच्या वाटांविषयी बोलण्याचा पहिला अधिकारही तुमचाच आहे.